पिवळ्या बनियनमागे एकोणचाळीस किलोमीटर

चिरंजीव डॉक्टरीणबाई यांस,

वयाने थोरल्या आणि अधिकाराने धाकट्या भावाचे आशीर्वाद. (तसेच घ्यावेत की तपासून घ्यावेत, हे आपण ठरवावं.) इकडे आम्ही उभयता खुशाल आहोत. आपली, मेहुण्यांची, दोन्ही मुलींची आणि आपल्या दवाखान्यात बाकावर ओळीने बसून नंबर लागण्याची धडधडत वाट पाहणाऱ्या समस्त हृदयांची प्रकृती उत्तम असेल, अशी आशा आहे.

आपला निरोप मोबाइलवर पोचला. 'दादा, पळणं बंद. फोन उचल.' पहिल्या वाक्यात क्रियापद नाही, तरी अर्थ पोचायला कुठेही अडलं नाही. थोर लेखनाचं हे एक लक्षण मानलं जातं. दुसऱ्या वाक्याबद्दल क्षमा असावी. गेले सहा दिवस मी तुझा फोन उचलत नाही, कारण फोनवर तू प्रश्न विचारतेस, 'हो की नाही एवढंच सांग' म्हणतेस, आणि मी 'त्याचं असं आहे' एवढं म्हणेपर्यंत तुझं निदान झालेलं असतं. पत्राचा मोठा गुण असा की वाचणाऱ्याला मध्येच तोंड घालता येत नाही. थोरला भाऊ म्हणून आयुष्यात एकदा तरी तुझ्याशी सलग बोलावं, अशी माझी जुनी इच्छाही आहे. (घरात तुला बेबी म्हणतात हे तुझ्या रुग्णांना मी अजून कळू दिलेलं नाही, याची निकाल देताना नोंद घ्यावी.)

खटला एवढाच आहे की मी यापुढे पळावं की नाही. तुझ्या वहिनीने तुला कळवलं, की गेल्या रविवारी मॅरेथॉनमध्ये हे रस्त्याकडेला बसलेले सापडले, चेहरा राखेसारखा झाला होता, आणि आता या वयात पुरे. यातलं बसलो होतो हे खरं आहे. चेहऱ्याबद्दल मला मत देता येत नाही, तो माझ्या बाजूने दिसत नाही. परंतु जे झालं त्यात अपराध डोळ्यांचा होता, आणि डोळ्यांच्या अपराधासाठी हृदयाला पिंजऱ्यात उभं करणं कोणत्याच शास्त्राला धरून नाही, हे मी पुढे सिद्ध करतो. तुझा चहा झाला असेल तर वाच. झाला नसेल तर आधी घे.

तुला पळण्यातलं काही कळत नाही (तू लोकांना पळायला सांगतेस आणि स्वतः लिफ्टने जातेस), म्हणून मुळापासून सांगतो. मॅरेथॉनमध्ये सगळे एकदम सुटतात, पण नंबर वयाच्या गटांप्रमाणे काढतात. पंचेचाळीस ते चौपन्न हा एक गट. पंचावन्न ते चौसष्ट हा त्यापुढचा. पहिल्या गटात मी दहा वर्षं काढली. दर वर्षी मी एक वर्षाने जुना व्हायचो आणि दर वर्षी चव्वेचाळीस ओलांडलेला कुणीतरी ताजा, सडपातळ, नव्या बुटांचा माणूस गटात दाखल होऊन माझ्या पुढे जायचा. गेल्या वर्षी, चौपन्नाव्या वर्षी, मी त्या गटात सदुसष्टावा आलो. मग मला पंचावन्न पुरी झाली. छापखान्यात सगळ्यांनी सांत्वनाच्या सुरात अभिनंदन केलं. आमच्या मालकांनी तर, मुद्रितं तपासायला आता जरा मोठा दिवा देऊ, असंही म्हणून टाकलं. त्यांना कसं सांगणार, की हा माणूस या वाढदिवसाची दहा वर्षं वाट पाहत होता. एका रात्रीत मी प्रौढांमधला सर्वांत म्हातारा होतो तो ज्येष्ठांमधला सर्वांत तरुण झालो. कायाकल्पाचे जुने ग्रंथ मी वाचले आहेत. त्यांतल्या एकाही रसायनाला हे इतक्या स्वस्तात साधलेलं नाही.

आता पोस्टमन. त्याच्याबद्दल तू वहिनीकडून ऐकलंच असशील, पण ते एकतर्फी आहे. हा निवृत्त पोस्टमन, वय चौसष्ट, आमच्या मागच्या गल्लीत राहतो. तीस वर्षं त्याने पायी टपाल वाटलं, आणि निवृत्त झाल्यावर पायांना थांबायचं सांगायला विसरला. नोकरीत असतानाच, पंचावन्नाव्या वर्षी, तो पहिल्यांदा मॅरेथॉन पळाला आणि गटात पहिला आला. तेव्हापासून ओळीने नऊ वर्षं पहिला. दुसरा नंबर गेली पाच वर्षं एका दातांच्या डॉक्टरकडे आहे, जो पोस्टमनच्या पासष्टीकडे डोळे लावून बसला आहे. गेली सहा वर्षं पोस्टमन आणि मी रोज सकाळी सव्वापाचला निघतो आणि पावणेसातला परत येतो. तो मला पंडित म्हणतो, कारण एकदा टेकडी चढताना दम टिकावा म्हणून मी अव्ययं पाठ म्हणत होतो आणि ते त्याने ऐकलं. तो पुढे, मी त्याच्या डाव्या खांद्याच्या एक हात मागे. बोलणं फारसं नाही. 'खड्डा', 'कुत्रं', 'उतार', एवढंच तो मागे न बघता सांगतो. सहा वर्षांत या माणसाने मला एकदाही खड्ड्यात पाडलेलं नाही. असं मी किती संपादकांबद्दल म्हणू शकेन?

यंदाची गंमत तुझ्या लक्षात आली का? तो गटाच्या शेवटच्या वर्षात, मी पहिल्या. पुढच्या वर्षी तो पासष्टच्या पुढे जाणार. म्हणजे आम्ही दोघं एकाच गटात, एकमेकांविरुद्ध पळणार ते आयुष्यात याच एका रविवारी. आणि तो जिंकला तर दहाच्या दहा वर्षं एका गटात पहिला येणारा एकमेव माणूस ठरणार. हे दोघांनाही माहीत होतं, आणि त्याबद्दल चार महिने दोघांपैकी कुणी अवाक्षर काढलं नाही. सकाळी नेहमीसारखं बरोबर पळायचं, पण मी दुपारी जेवणाच्या सुट्टीत छापखान्याचे चार मजले वरखाली करू लागलो. (कागदाचा साठा बघून येतो, असं सांगून. साठा कुणी इतक्या वेळा बघत नाही, हे गोदामवाल्याने दोनदा बोलून दाखवलं.) एका शनिवारी मी गुपचूप तलावाच्या रस्त्याला पळायला गेलो, तर समोरून पोस्टमन गुपचूप पळत येत होता. दोघंही थांबलो. तो म्हणाला, इकडे एकाकडे काम होतं. मी म्हणालो, माझंही. मग दोघंही तिथून चालत, घाम पुसत, पावसापाण्याच्या गप्पा मारत घरी आलो. सहा वर्षांच्या मैत्रीत आम्ही एकमेकांशी बोललेलं ते पहिलं खोटं.

आता मुख्य विषय, म्हणजे डोळे. माझा चष्मा उणे सातचा आहे हे तुला ठाऊक आहे. मॅरेथॉनमध्ये मी तो लावत नाही. तीन वर्षांपूर्वी तो घामाने घसरून पडला, आणि मागून येणाऱ्या चारशे लोकांपैकी नेमका कुणाच्या बुटाखाली गेला हे शेवटपर्यंत कळलं नाही. चष्म्याविना मला जग माणसांत दिसत नाही, रंगांत दिसतं. एरवी याने काही बिघडत नाही, कारण पोस्टमन शर्यतीला कायम एकच पिवळं बनियन आणि पांढरी टोपी घालतो, आणि मी त्या पिवळ्यामागे जात राहतो. पण यंदा सुरुवातीलाच ताटातूट झाली. गेल्या वर्षीच्या वेळेनुसार त्याला कठड्यांच्या पुढच्या कप्प्यात उभं केलं, मला मागच्या. शिट्टी झाली, गर्दी हलली, आणि दुसऱ्या किलोमीटरला मला पुढे पिवळं बनियन आणि वर पांढरी टोपी दिसली.

तू न्यायशास्त्र शिकली नाहीस (बाबांनी तुला विज्ञानाला घातलं आणि मला जे उरलं त्याला). त्यात धूर पाहून डोंगरावर अग्नी आहे असं अनुमान करतात. कारण जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, हे आधी अनेकदा पाहिलेलं असतं. जिथे जिथे पिवळं बनियन तिथे तिथे पोस्टमन, हे मी सहा वर्षं पाहिलं होतं. हेतू शुद्ध, उदाहरण शुद्ध, अनुमान निर्दोष. मी त्या पिवळ्यामागे लागलो.

पहिले दहा किलोमीटर पिवळं अपेक्षेपेक्षा जोरात गेलं. मी मनात म्हटलं, दहावं विजेतेपद आहे, साहजिक आहे. दहाच्या पुढे एका तंबूपाशी ते क्षणभर थांबलं, पाणी प्यायलं असावं, आणि तिथून असं निघालं की जणू आत्ताच झोपून उठलंय. मीही वेग वाढवला. एकविसाला पुन्हा तंबू, पुन्हा क्षणभर थांबणं, आणि पुन्हा तोच प्रकार. चौसष्ट वर्षांचा माणूस अर्धी मॅरेथॉन झाल्यावर हरणासारखा सुटतो, हे पाहून माझा ऊर भरून आला. मी चार महिने जिने चढलो त्याची मला लाज वाटली. हा माणूस त्या तलावाच्या रस्त्याला काय करत होता ते आता कळलं, असंही वाटलं. एकतिसाला तिसरा तंबू आला. त्यानंतर पिवळं जे गेलं, त्याला पळणं म्हणणं शब्दाचा अपमान होईल. पांढरी टोपी लहान होत होत टिंब झाली. मला टिंबं दिसत नाहीत (छापखान्यात अनुस्वार मी भिंग लावून पाहतो), तरी श्रद्धेने मी त्या दिशेने जात राहिलो. माझ्या आजवरच्या उत्तम वेळेपेक्षा मी तेव्हा अठरा मिनिटं पुढे होतो. एकोणचाळिसाव्या किलोमीटरला, एका बंद सलूनसमोर, पोटरीत गोळा आला आणि मी पायरीवर बसलो. बस, एवढंच.

एक-दोन मिनिटांनी समोर एक पिवळं बनियन येऊन थांबलं. त्यातून पोस्टमनचा आवाज आला.

"पंडित, इथे काय करताय?"

मी विचारलं, तुम्ही तर पुढे होतात ना.

"मी कुठला पुढे? पहिल्याच किलोमीटरला बुटाची लेस बांधायला थांबलो, तेवढ्यात तुम्ही शेजारून गेलात. पस्तिसापासून हाका मारतोय. एवढे कुणामागे सुटला होतात?"

मी म्हटलं, तुमच्यामागे.

मग त्याने सगळं उलगडून सांगितलं. याच रस्त्यावर, याच वेळी, चौघांनी वाटून पळायचीही एक शर्यत असते. प्लायवुडच्या दुकानाचे मालक चार भाऊ आहेत, बांधा सगळ्यांचा एक, आणि चौघांनी दुकानाच्या जाहिरातीची पिवळी बनियनं आणि पांढऱ्या टोप्या घातल्या होत्या. प्रत्येक तंबूपाशी एक भाऊ थांबत होता आणि दुसरा निघत होता. शेवटचा सव्वीस वर्षांचा आहे. म्हणजे, बेबी, मी पंचावन्नाव्या वर्षी, चष्म्याविना, एकापाठोपाठ एक चार ताज्या माणसांचा पाठलाग केला आणि त्यांपैकी तिघांना जवळजवळ गाठलं. हे हृदय सदोष असतं, तर एकतिसाव्या किलोमीटरपर्यंत तरी आलं असतं का? हा माझ्या बाजूचा मुख्य पुरावा आहे. कृपया त्याखाली रेघ मारावी.

मी पोस्टमनला म्हटलं, तुम्ही जा, तीन किलोमीटर राहिलेत, दातांचा डॉक्टर मागे असेल. त्याने वळून रस्त्याकडे पाहिलं. डॉक्टर खरंच येत होता. तो आला, आमच्याकडे पाहिलं, आणि पुढे गेला. (एवढा मोठा आनंद इतक्या सभ्यपणे लपवताना आपण कुणाला पाहिलं नाही, असं पोस्टमन नंतर म्हणाला. मला फक्त एक निळा डाग जाताना दिसला.) पोस्टमनने मनगटावरच्या घड्याळाचं बटण दाबलं आणि घड्याळ थांबवलं. मी पुन्हा म्हटलं, अहो जा, दहावं वर्ष आहे. तेव्हा तो म्हणाला, "तीस वर्षांत पिशवी अर्ध्या वाटेवर टाकून कधी घरी गेलो नाही. उठा."

तर उरलेले तीन किलोमीटर आम्ही चालत गेलो. माझा हात त्याच्या खांद्यावर. 'खड्डा', 'दगड', 'उतार', असं तो सांगत होता. आमच्या मागची माणसं पुढे गेली, आणि त्यांच्या मागची गेली, आणि मग एक बाई बाबागाडी ढकलत आमच्या पुढे गेली. ती शर्यतीत नव्हती. शेवटची रेघ वीस पावलांवर आली, तेव्हा पोस्टमनने माझा हात खांद्यावरून हळूच काढला, मला नीट उभं केलं, आणि धूम ठोकली. मी मागून पाय ओढत पोचलो. तो एकोणतिसावा आला, मी तिसावा. मी त्याच्याकडे पाहिलं, तर तो अगदी गंभीरपणे म्हणाला, शर्यत ती शर्यत. खरं सांगतो, त्या क्षणी मला त्या माणसाबद्दल जो आदर वाटला तो पहिल्या नऊ विजयांनी मिळून वाटला नव्हता.

रेघेपलीकडच्या तंबूत एका मुलीने माझी नाडी पाहिली, विश्रांती घ्या म्हणाली आणि तुझ्या वहिनीला उगाच फोन केला. इतकंच घडलं. विश्रांती मी रविवारी दुपारी घेतली. सोमवारपासून सव्वापाचला पूर्ववत बाहेर पडतो, विचार हवं तर पोस्टमनला. तात्पर्य, यापुढे मी चष्म्याला दोरी बांधून पळेन, हा दोषावरचा योग्य उपाय आहे. 'पळणं बंद' हा उपाय नव्हे, ती शिक्षा आहे, आणि आरोपीचं म्हणणं ऐकण्याआधीच सुनावलेली. फेरविचार व्हावा.

मुलींना गोड पापा. मेहुण्यांना सांग की तुझ्यासमोर ते इतकी वर्षं टिकून आहेत, यापेक्षा लांब शर्यत मी पाहिलेली नाही. लोभ आहेच, तो थोडा वाढवावा आणि हुकूम थोडे कमी करावेत.

तुझा,
दादा

ता. क. वरचं पत्र तुझ्या वहिनीने शाळेत शिकवायला जायच्या आधी चष्मा लावून वाचलं, हसली, आणि पाकीट तुम्हीच चिकटवा म्हणाली. ती गेली आहे. यापुढचं तिने वाचलेलं नाही.

पोटरीत गोळा आला नव्हता. छातीवर कुणीतरी पाय रोवून उभं राहिलं होतं, आणि डावा हात खांद्यापासून बोटांपर्यंत माझा वाटत नव्हता. त्याआधी महिनाभरात छापखान्याच्या जिन्यात दोनदा तसंच झालं, थोडं कमी. दोन्ही वेळा मी तिसऱ्या मजल्यावर कठडा धरून उभा राहिलो आणि नंतर उरलेला मजला चढलो. तंबूतल्या मुलीने विश्रांती घ्या असं म्हटलं नाही. ती म्हणाली, "काका, आजच दाखवा. उद्या नाही." वहिनीला तिने फोनवर फक्त न्यायला या म्हटलं, बाकीचं मी सांगतो म्हणालो होतो. मुलीने लिहून दिलेली चिठ्ठी सोबत ठेवली आहे. सहा दिवस ती माझ्या टेबलावरच्या अमरकोशात होती, कारण तो आमच्या घरात दुसरं कुणी उघडत नाही.

ता. क. दुसरा. सलूनच्या पायरीवर पोस्टमनने मला तीन वेळा विचारलं होतं, छातीत तर काही होत नाही ना. तीनही वेळा मी नाही म्हणालो. हो म्हणालो असतो तर त्याने गाडी बोलावली असती आणि माझ्या नावापुढे 'अपूर्ण' लागलं असतं. पंचावन्न वर्षांचा माणूस, घरी बायको, आणि मी त्या एका शब्दाला भ्यालो. त्याने आपलं दहावं वर्ष माझ्या पोटरीतल्या गोळ्यासाठी सोडलं, अशी त्याची समजूत आहे. त्याला खरं कळलं असतं, तर एक पाऊलही चालू दिलं नसतं.

ता. क. तिसरा. मी गुरुवारची रजा टाकली आहे आणि तुझ्याकडे येतो आहे. (तू तोपर्यंत थांबणार नाहीस आणि पत्र हातात पडताच गाडी काढशील, हे मला माहीत आहे. म्हणूनच फोन उचलला नव्हता. मला आणखी सहा दिवस पळणारा माणूस राहायचं होतं.) तू जे सांगशील ते मी ऐकेन. मोठ्याने नको, आणि आधी मला सांग, वहिनीला नंतर. वरती जे युक्तिवाद केले आहेत ते वाचून करमणूक करून घे, पण त्यांतला एकही लक्षात धरू नकोस.

मी सोमवारपासून बाहेर पडलेलो नाही. वहिनी उठते तेव्हा मी घामाचे कपडे घालून ओट्यापाशी पाणी पीत उभा असतो. पोस्टमन मात्र रोज सव्वापाचला खाली फाटकापाशी येतो. तो घंटा वाजवत नाही. हातात द्यायला काही असल्याशिवाय कुणाची घंटा वाजवायची नाही, हा त्याचा तीस वर्षांचा नेम. दहा मिनिटं दिव्याखाली उभा राहतो, वर आमच्या खिडकीकडे बघतो आणि एकटाच पळत जातो. मी पडद्यामागे असतो. आज त्याने घंटा वाजवली. मी दार उघडलं नाही.

म्हणून खरी विनंती ही. तपासून झाल्यावर निकाल काहीही असो, एक दिवस माझ्याकडे राहा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वापाचला माझ्याबरोबर खाली फाटकापाशी चल. जे बोलायचं ते त्याच्याशी मीच बोलेन. तू काही बोलू नकोस, फक्त शेजारी उभी राहा.